गायरान की स्वतःचा गट? नेटवर्कमधल्या पत्त्यांचा हिशोब

कोणत्याही जुन्या कॉलेजचं, रुग्णालयाचं किंवा सहकारी बँकेचं नेटवर्क पाहा. ते एका दमात, एकाच कंपनीकडून घेतलेलं क्वचितच असतं. पहिल्या इमारतीत एका कंपनीचे स्विच, दहा वर्षांनी बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या कंपनीचे, आणि वायफायची खोकी तिसऱ्याच कंपनीची. हे सगळं एका पडद्यावर दिसावं म्हणून देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं जातं. ते सुरू केलं की एक विचित्र प्रकार दिसतो. कोणत्या पोर्टमधून किती डेटा गेला याचे आलेख सगळ्या यंत्रांसाठी, काही न सांगता, पहिल्याच दिवशी उमटू लागतात. पण स्विचचं तापमान विचारलं की एका कंपनीचं यंत्र लगेच उत्तर देतं, दुसऱ्यासाठी त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून एक फाइल आणून सॉफ्टवेअरला द्यावी लागते, आणि तिसऱ्याचा रकाना कोराच राहतो.

तापमान मोजणं काही डेटा मोजण्यापेक्षा अवघड नाही. तापमान मोजणारा सेन्सर तिन्ही यंत्रांत बसवलेला आहे आणि तिघांनाही आपण किती तापलो आहोत हे ठाऊक आहे. अडचण विचारण्यात आहे. डेटाचा आकडा तिघांनीही एकाच ठरलेल्या पत्त्यावर ठेवला आहे; तापमानाचा आकडा ज्याने त्याने आपापल्या पत्त्यावर. हे पत्ते कोण ठरवतं, सगळ्यांनी मिळून वापरायचा पत्ता केव्हा घ्यायचा आणि स्वतःचा केव्हा काढायचा, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात नेटवर्क सांभाळणाऱ्याची कितीतरी कामाची वर्षं या एका निर्णयावर वाचतात किंवा वाया जातात.

प्रश्न म्हणजे आकड्यांची माळ

देखरेखीचं सॉफ्टवेअर आणि यंत्र यांच्यातलं बोलणं बऱ्याच ठिकाणी एसएनएमपी नावाच्या नियमावलीने चालतं. तिचा पहिला मसुदा १९८८ सालचा. जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन हे तिचे चार कर्ते; त्यांनीच लिहिलेला १९९० चा ‘आरएफसी ११५७’ हा तिचा पाया मानला जातो. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात, त्यांना आरएफसी म्हणतात.

प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला एजंट म्हणतात. तो १६१ क्रमांकाच्या पोर्टवर (हा केबल लावायचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला पोर्ट) प्रश्नाची वाट पाहत असतो. देखरेखीचं सॉफ्टवेअर त्याला ‘तू किती वेळ चालू आहेस?’ असं शब्दांत विचारत नाही. ते विचारतं: १.३.६.१.२.१.१.३.० या पत्त्यावर काय आहे? एजंट उत्तर देतो: ८६४००००. या पत्त्यावरचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचा हे आधीच ठरलेलं आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरला कळतं की यंत्र सुरू होऊन बरोबर एक दिवस झाला.

आकड्यांच्या या माळेला ओआयडी म्हणतात. कोणत्या ओआयडीवर काय ठेवलं आहे, ते कोणत्या एककात आहे, ते वाचायचं की बदलताही येतं, हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं ती एमआयबी फाइल. सुरुवातीला म्हटलेली, कंपनीकडून आणावी लागणारी फाइल हीच.

ओआयडीतला प्रत्येक आकडा म्हणजे एका मोठ्या वृक्षाच्या फांदीवर टाकलेलं एक पाऊल. बुंध्याशी तीन फांद्या आहेत: ० ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, १ ही आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची आणि २ ही दोघींची मिळून. आयएसओच्या फांदीवर ३ म्हणजे नोंद झालेल्या इतर संस्था, त्यांत ६ म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, आणि त्याखाली १ म्हणजे इंटरनेट. इंटरनेटचा जन्म या खात्याने पैसा पुरवलेल्या संशोधनातून झाला, म्हणून ही वाट. मात्र हा १ खात्याने रीतसर दिलेला नव्हता. पत्त्यांची रचना ठरवणाऱ्या दस्तऐवजात तेव्हा सरळ लिहिलं गेलं, की आपल्या फांदीचं काय करायचं हे खात्याने अजून सांगितलेलं नाही. ते इंटरनेटला एक जागा देईल असं आम्ही धरून चालतो. जगभरातल्या स्विचांचे आणि राउटरांचे पत्ते आजही या गृहीतकावर उभे आहेत.

पोटहिस्से आणि मालक

इंटरनेटच्या फांदीवर सुरुवातीलाच चार उपफांद्या काढल्या गेल्या. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या: २ ही सामायिक व्यवस्थापनाची आणि ४ ही खाजगी. क्रमांक किंवा नावं देण्याच्या अशा आखून दिलेल्या क्षेत्राला संगणकवाले नेमस्पेस म्हणतात. त्याच्या हद्दीत एक नाव एकाच वस्तूचं असतं, आणि नवं नाव कोणी द्यायचं हे ठरलेलं असतं.

गावच्या जमिनीशी ताडून पाहिलं की या दोन फांद्यांमधला फरक नीट कळतो. गावाला गायरान असतं आणि शेतकऱ्यांचे आपापले गट असतात. गायरानात विहीर खणायची तर ग्रामसभेत चर्चा, ठराव, वरची परवानगी. त्यात वर्ष निघून जातं. पण एकदा खणली की ती कुठे आहे हे पंचक्रोशीला माहीत असतं. स्वतःच्या गटात मालक हवी तेव्हा, हवी तिथे विहीर खणतो आणि गटाचे हवे तितके पोटहिस्से पाडतो. गट क्रमांक वेगळा असल्यामुळे शेजाऱ्याच्या पोटहिश्शाशी त्याची गल्लत होत नाही. मात्र ती विहीर नेमकी कुठे आहे, हे मालकाने सांगितल्याशिवाय परक्याला कळत नाही.

गायरानाच्या जागी इथे १.३.६.१.२.१ ही फांदी आहे. तिच्यात काय यावं हे आयईटीएफ या मानक ठरवणाऱ्या मंडळाचे कार्यगट चर्चेने ठरवतात. खाजगी गट १.३.६.१.४.१ या फांदीवर आहेत. तिथले क्रमांक इंटरनेटचे नंबर सांभाळणारी आयाना ही संस्था देते, अर्ज येतील त्या क्रमाने आणि विनामूल्य. आयबीएमचा क्रमांक २, सिस्कोचा ९, एचपीचा ११, ॲपलचा ६३, मायक्रोसॉफ्टचा ३११, हुआवेचा २०११, जुनिपरचा २६३६, मायक्रोटिकचा १४९८८. अर्ज करायला मोठी कंपनी असण्याची गरज नाही. विद्यापीठ, मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प, एकटी व्यक्ती, कोणीही चालतं. आतापर्यंत ६०,००० हून अधिक क्रमांक दिले गेले आहेत.

---

चौकट: एक पत्ता वाचून पाहू

१.३.६.१.४.१.९.९.१०९

१ – आयएसओ
३ – नोंद झालेल्या संस्था
६ – अमेरिकेचं संरक्षण खातं
१ – इंटरनेट
४ – खाजगी फांदी
१ – उद्योग व संस्था
९ – सिस्को
९ – सिस्कोने व्यवस्थापनासाठी राखलेला हिस्सा
१०९ – प्रोसेसरवरच्या ताणाची माहिती

पहिले सहा आकडे सगळ्यांच्या सहमतीचे. सातवा आयानाने दिलेला. त्यापुढचे सगळे सिस्कोने स्वतः ठरवलेले. त्यासाठी तिला कोणालाही विचारावं लागलं नाही.

---

सामायिक जागेत काय बसतं

सामायिक फांदीवर पहिली मांडणी झाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी प्रवेशाच्या अटी कडक ठेवल्या होत्या. बिघाड शोधायला किंवा यंत्राची रचना सांभाळायला अत्यावश्यक असेल तेवढंच घ्यायचं. आज खरोखर वापरात असल्याचा पुरावा हवा. दुसऱ्या आकड्यांवरून काढता येईल तो आकडा नको. एखाद्या विशिष्ट प्रणालीपुरती असलेली गोष्ट नको. त्या काळी विद्यापीठांत लोकप्रिय असलेल्या बर्कली युनिक्सचं उदाहरण देऊन हे बजावलेलं आहे. आणि एकूण वस्तू शंभराच्या आसपास, म्हणजे लहान कंपनीलाही त्या सगळ्या आपल्या यंत्रात भरणं जमेल. १९९१ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे आरएफसी १२१३ मध्ये, शंभराची मर्यादा सैल झाली. बाकीचा स्वभाव तोच राहिला.

या कडकपणाचं फळ आजही दिसतं. पोर्टमधून आत आलेल्या बाइट्सचा आकडा १.३.६.१.२.१.२.२.१.१० या पत्त्याखाली आहे. तीस वर्षांपूर्वीचा राउटर असो की या वर्षीचा, तो तिथेच सापडतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खोक्यांवर आलेख आपोआप उमटतात ते यामुळे. कमी वस्तू, पण प्रत्येकीचा अर्थ सगळ्यांना एकच. मला हा त्या पिढीचा फार मोठा संयम वाटतो. जे सुचेल ते सगळं सामायिक यादीत कोंबायचा मोह त्यांनी टाळला.

दिलेला पत्ता परत घेता येत नाही

इथे एक नियम येतो आणि तो दोन्ही फांद्यांना सारखाच लागू आहे. एकदा प्रसिद्ध झालेला ओआयडी दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. वस्तू निकामी झाली तर तिच्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारायचा, पण जागा रिकामीच ठेवायची. कारण जगात कुठल्या तरी कोपऱ्यात जुनं सॉफ्टवेअर तो पत्ता जुन्याच अर्थाने विचारत असतं. जागा नव्या वस्तूला दिली, तर ते सॉफ्टवेअर चुकत आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. आकडा मिळत राहील, फक्त तो खोटा असेल.

म्हणून सामायिक फांदीवरचा आठवा हिस्सा ईजीपी नावाच्या, केव्हाच इतिहासजमा झालेल्या राउटिंग पद्धतीच्या नावावर आहे. नववा हिस्सा एसएनएमपीच्या त्या काळच्या एका स्पर्धक पद्धतीसाठी राखला होता. ती पद्धत रुजली नाही, हिस्सा मात्र तिच्याच नावावर राहिला.

सामायिक जागेत चूक झाली तर ती किती महाग पडते, हे डेटा मोजणाऱ्या त्याच आकड्यावरून दिसतं. तो ३२ बिटांचा ठरवला गेला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येणारा. १० मेगाबिट वेगाची जोडणी पूर्ण भरून वाहत असली तरी त्याला शून्यावर यायला सुमारे ५७ मिनिटं लागत; त्या काळी ते पुरेसं होतं. १ गिगाबिट वेगावर तोच आकडा ३४ सेकंदांत शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्या सॉफ्टवेअरला मधल्या काळात तो आठ वेळा फिरून आला हे कळायला मार्गच नाही. त्यामुळे आलेख खोटा, आणि दिसायला अगदी सभ्य. त्यावर उपाय म्हणून ६४ बिटांचा नवा आकडा आला, पण जुना मोठा करून नाही. नवा पत्ता घेऊन, १.३.६.१.२.१.३१ च्या खाली. आज दोन्ही आकडे शेजारी नांदतात आणि कोणता वाचायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं.

राउटरमधल्या मार्गांच्या तक्त्याची कथा याहून लांब आहे. पहिल्या तक्त्यात एका गंतव्याला एकच मार्ग लिहिता येई. १९९२ मध्ये त्याच्या जागी दुसरा तक्ता आला, १९९७ मध्ये तिसरा, आणि आयपीच्या नव्या आवृत्तीचे पत्तेही मावावेत म्हणून २००६ मध्ये चौथा. सामायिक जागेत घाई केली की असं होतं. आणि घाई न करताही, काळ पुढे गेला की होतं.

खाजगी फांदीची किंमत कोण मोजतं

मग स्वतःचा क्रमांक घेऊन तिथे हवं ते मांडणंच सोपं नाही का? मांडणाऱ्याला सोपं, नक्कीच. नवं यंत्र बाजारात आणताना मानक मंडळाची दोन-तीन वर्षं वाट पाहणं कोणत्याही कंपनीला परवडत नाही, आणि नव्या कल्पनेला सामायिक रूप देण्याइतकी समज तेव्हा कोणाकडेच नसते. खाजगी फांदी नसती तर एसएनएमपी केव्हाच मागे पडली असती.

किंमत मोजतो तो वाचणारा. तापमानाचंच घ्या. एक कंपनी ४२ असा आकडा देते, दुसरी ४२५ देते कारण ती अंशाच्या दहाव्या भागात मोजते, तिसरी नुसतं १ देते आणि त्याचा अर्थ ‘ठीक’ असा तिच्या फाइलीत लिहिलेला असतो. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. पण सगळ्या इमारतींसाठी ‘६० अंशांवर गेलं की फोन वाजव’ असा एकच नियम लिहायचा असेल, तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला प्रत्येक कंपनीसाठी वेगळं भाषांतर करत बसावं लागतं, आणि नव्या मॉडेलबरोबर पुन्हा करावं लागतं. एका कंपनीने खाजगी फांदीत वाचवलेले दोन महिने हजारो कार्यालयांतल्या हजारो माणसांच्या डोक्यावर पडतात.

या बाबतीत सामायिक उपाय नाही असं नाही. आरएफसी ३४३३ या २००२ च्या दस्तऐवजाने तापमान, व्होल्टेज, पंख्याची गती यांसाठी सामायिक फांदीवर ९९ क्रमांकाचा हिस्सा दिला. त्याची रचना सुंदर आहे: प्रत्येक सेन्सरसाठी तो काय मोजतो, कोणत्या एककात, दशांश चिन्ह कुठे, आणि आकडा किती, असे वेगळे रकाने. त्यामुळे ४२५ म्हणजे ४२.५ हे यंत्रच सांगतं. सिस्कोच्या खाजगी फांदीवरही सेन्सरांचा असाच एक तक्ता आहे आणि दोघांची रचना इतकी जुळते की एक समजलेल्याला दुसरा शिकावा लागत नाही. चांगली सामायिक वस्तू बहुधा अशीच तयार होते: आधी कोणाच्या तरी खाजगी जागेत वापरून, घासून-पुसून. तरीही अनेक यंत्रं अजून आपलाच जुना पत्ता सांगतात. जुनी गिऱ्हाइकं त्या पत्त्यावर सॉफ्टवेअर लावून बसलेली असतात, आणि दोन्हीकडे आकडा ठेवणं हे जास्तीचं काम असतं.

खाजगी पत्ता मालकाच्याही पुढे टिकतो, हे आणखी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत वाढलेला यूसीडी-एसएनएमपी हा मुक्त एजंट २०२१ या क्रमांकाखाली सर्व्हरवरचा भार, मेमरी, डिस्क यांचे आकडे देत असे. प्रकल्पाचं नाव पुढे नेट-एसएनएमपी झालं, त्याला ८०७२ हा नवा क्रमांकही मिळाला. पण लिनक्स सर्व्हरचा भार आजही जुन्या २०२१ च्याच पत्त्यावर विचारला जातो. सिस्कोने २००५ मध्ये एअरस्पेस ही वायरलेस उपकरणांची कंपनी विकत घेतली. त्या वंशाच्या वायफाय नियंत्रकांनी त्यानंतरही एअरस्पेसच्या १४१७९ क्रमांकाखालीच उत्तरं दिली.

याहून वाईट आहे ती तिसरी रीत: क्रमांक घेण्याचा कंटाळा. प्रत्येक यंत्राने ‘मी कोण’ हे सांगण्यासाठी सामायिक फांदीवर एक खास पत्ता आहे. तिथे कंपनीने आपल्या खाजगी क्रमांकाखालचा, त्या मॉडेलचा ओआयडी ठेवायचा असतो. पण आत लिनक्स आणि नेट-एसएनएमपी टाकून तयार केलेली कितीतरी उपकरणं तिथे काहीच बदलत नाहीत. मग साठवणीचं खोकं काय आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डर काय, सगळीच ‘मी नेट-एसएनएमपी चालवणारा लिनक्स’ एवढंच सांगतात आणि सॉफ्टवेअरला त्यांच्यात फरक करता येत नाही. विनामूल्य मिळणाऱ्या एका क्रमांकासाठी अर्ज न केल्याचा हा परिणाम आहे, आणि त्याला काही सबब नाही.

एका यंत्रात अनेक बोलणारे

आतापर्यंत एका यंत्रात एक एजंट असं धरलं. सर्व्हरवर तसं नसतं. राउटिंगचा प्रोग्राम वेगळा, भार वाटणारा वेगळा, आणि प्रत्येकाला आपले आकडे सांगायचे असतात. १६१ पोर्ट मात्र एकच. यासाठी एजंटएक्स नावाची पद्धत आहे, २००० सालच्या आरएफसी २७४१ मध्ये ठरलेली. एक मुख्य एजंट बाहेरच्यांशी बोलतो. बाकीचे उपएजंट त्याच्याकडे नोंद करतात: या ओआयडीखालचे प्रश्न माझ्याकडे पाठव.

खाजगी फांदीवर हे निर्धोक चालतं, कारण प्रत्येकाची हद्द वेगळी. अडचण सामायिक तक्त्यात येते. यंत्रावरच्या सगळ्या पोर्टांचा तक्ता एकच असतो आणि त्यातला प्रत्येक पोर्ट म्हणजे एक ओळ. दोन प्रोग्रामांनी आपापल्या आभासी पोर्टला ७ हाच ओळक्रमांक दिला तर एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर जाईल. म्हणून एजंटएक्समध्ये मुख्य एजंटकडून ओळक्रमांक मागून घ्यायची सोय आहे, आणि दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला तर कोणाचं ऐकायचं यासाठी प्राधान्याचा आकडाही आहे. सामायिक पत्ता वापरायचा म्हणजे नुसतं मानक वाचून भागत नाही. त्याच तक्त्यात आणखी कोण लिहितं आहे, याचीही दखल घ्यावी लागते.

दुसऱ्याच्या तक्त्यात आपला रकाना

२००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणाऱ्यांना आणि मानकं लिहिणाऱ्यांना एकत्र बसवलं. तिथे नेटवर्कवाल्यांनी स्पष्ट सांगितलं की एसएनएमपी आम्ही पाहण्यापुरती वापरतो, यंत्राची जुळणी बदलायला नाही. त्या विचारातून नेटकॉन्फ ही नवी पद्धत आली, आणि तिच्यासाठी माहितीची रचना लिहायची यांग ही भाषा २०१० मध्ये.

यांगमध्ये एकच मोठा वृक्ष नाही. माहितीचा प्रत्येक गठ्ठा, त्याला मॉड्यूल म्हणतात, आपली नेमस्पेस सोबत आणतो. आयईटीएफची मॉड्यूल आयानाकडे नोंदलेलं नाव वापरतात, कंपन्या बहुधा आपल्या संकेतस्थळाच्या नावावरून नाव करतात. यात एक धोका आहे. आयानाचा क्रमांक दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागत नाही. संकेतस्थळाचं नाव घ्यावं लागतं आणि ते हातचं जाऊही शकतं.

यांगचा खरा फायदा मात्र वेगळा आहे. खाजगी मॉड्यूलला सामायिक मॉड्यूलच्या रचनेत आपला रकाना जोडता येतो. पोर्टची सामायिक यादी तशीच राहते; त्याच यादीत, प्रत्येक पोर्टशेजारी, कंपनी आपली जास्तीची माहिती ठेवते आणि त्या रकान्यावर कंपनीच्या नेमस्पेसचा शिक्का असतो. ज्याला कळतं तो वाचतो, ज्याला कळत नाही तो ओलांडून पुढे जातो. एसएनएमपीत खाजगी तक्ता वेगळ्या फांदीवर ठेवून सामायिक तक्त्याशी ओळक्रमांकाने जुळवावा लागे. यांगने ती जुळवाजुळव संपवली.

सामायिक जागा एकच असेल, असं मात्र यांगमध्येही झालं नाही. गूगलसारख्या मोठ्या नेटवर्कवाल्यांनी मिळून ओपनकॉन्फिग नावाची आपली सामायिक मॉड्यूलं काढली. त्यांत प्रत्येक वस्तूची ‘हवी ती’ आणि ‘आहे ती’ स्थिती दोन वेगळ्या कप्प्यांत असते. आयईटीएफने २०१८ मध्ये वेगळी मांडणी पक्की केली. पोर्टांची माहिती आज तीन ठिकाणी असू शकते: आयईटीएफची, ओपनकॉन्फिगची आणि कंपनीची स्वतःची. यांतलं ओपनकॉन्फिग मला वाया गेलेलं वाटत नाही, कारण ते यंत्र विकणाऱ्यांनी नव्हे तर चालवणाऱ्यांनी लिहिलं. पण दोन सामायिक जागा असणं हे एक असण्याइतकं सोयीचं नक्कीच नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने काय करावं

कीपअलाइव्हड हा मुक्त प्रोग्राम हे चांगलं उदाहरण आहे. तो चालवणारे दोन सर्व्हर एकच आयपी पत्ता (ओआयडी नव्हे, नेटवर्कवरचा पत्ता) वाटून घेतात आणि एक बंद पडला तर दुसरा तो पत्ता उचलतो. या पद्धतीला व्हीआरआरपी म्हणतात आणि ती अनेक कंपन्यांच्या राउटरांत असते. तिच्या माहितीसाठी सामायिक फांदीवर ६८ हा हिस्सा २००० मध्येच ठरला होता. कीपअलाइव्हड ती माहिती त्या सामायिक पत्त्यावर देऊ शकतो, त्यामुळे राउटरसाठी बसवलेलं सॉफ्टवेअर त्यालाही वाचतं. पण तो भारही वाटतो, तपासणीच्या स्क्रिप्टही चालवतो. यांतलं काहीही व्हीआरआरपीच्या मानकात नाही. ते त्याने खाजगी फांदीवर ठेवलं आहे, आणि तेही वेगळा क्रमांक न घेता, डेबियन प्रकल्पाच्या ९५८६ या क्रमांकात प्रकल्पांसाठी राखलेल्या हिश्शात पाचवी जागा घेऊन. सामायिक अर्थाची वस्तू सामायिक जागेत, फक्त आपली असलेली वस्तू खाजगी जागेत.

कोणत्याही नव्या आकड्यासाठी विचारायचा पहिला प्रश्न असा: माझं यंत्र काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं, तर नेटवर्क सांभाळणारा हाच आकडा त्याच्याकडेही मागेल का? तापमान मागेल, पोर्टचा डेटा मागेल, केबलवरून किती वीज दिली ते मागेल. या सगळ्यांना सामायिक पत्ते आहेत. केबलवरून वीज देण्याचा हिस्सा, क्रमांक १०५, तर २००३ पासून आहे. आधी तिथे शोधा आणि सापडलं तर तेच वापरा, आपली रचना कितीही जास्त सुबक वाटली तरी. उलट, माझ्याच चिपमधल्या अमुक रांगेची लांबी, माझ्याच परवान्याची मुदत, यांसाठी सामायिक जागेचा आग्रह धरणं म्हणजे सगळ्यांचा वेळ खाणं.

मधली अवस्था सर्वांत अवघड आहे: आकडा उद्या सगळ्यांना लागेल असं वाटतं, पण आज मानक नाही. जुनी रीत अशी होती, की तात्पुरती वस्तू इंटरनेटच्या फांदीवरच्या ३ क्रमांकाच्या, प्रयोगांसाठीच्या हिश्शात ठेवायची आणि मानक झालं की सामायिक हिश्शात हलवायची. हलवलं की पत्ता बदलतो आणि सगळं सॉफ्टवेअर मोडतं, म्हणून बरेचदा कोणी हलवतच नाही. वेबवर हाच अनुभव ‘एक्स-’ या उपसर्गाने आला. तात्पुरत्या नावांना तो लावायची प्रथा होती. तात्पुरती नावंच कायमची झाली, आणि २०१२ मध्ये आरएफसी ६६४८ ने ही प्रथा थांबवायला सांगितलं. वस्तू ‘तात्पुरती’ आहे हे तिच्या पत्त्यात लिहू नये, हा त्यातला धडा मला पटतो. ती आपल्या खाजगी क्रमांकाखाली, कायमची राहील असं समजून, एककं आणि दशांश नीट लिहून ठेवावी. मानक झालं तर सामायिक पत्त्यावरही तोच आकडा द्यावा आणि जुना पत्ता चालू ठेवावा.

क्रमांक हाती आल्यावर पहिल्या दिवशी त्याचे हिस्से आखावेत. सिस्कोने ९ च्या खाली १ हा हिस्सा मॉडेलांच्या ओळखीसाठी, ९ पक्क्या व्यवस्थापन-माहितीसाठी आणि १० प्रयोगांसाठी राखला. प्रयोगाचा हिस्सा बाहेर विकल्या जाणाऱ्या यंत्रात दिसू द्यायचा नाही, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ गोंधळ टळतो. एमआयबी फाइलीच्या नावाला आपल्या संस्थेचा उपसर्ग लावावा, कारण आकडे वेगळे असले तरी फाइलींची नावं सारखी निघाली तर सॉफ्टवेअर एकच फाइल उचलतं. आणि ती फाइल लॉगिन न मागता उतरवता येईल अशा ठिकाणी ठेवावी.